मोराच्या गळ्याचा काठ

माझी पहिली नोकरी टिकली ती वडिलांच्या बहिरेपणामुळे. माझ्या हुशारीमुळे टिकली असं मी बरीच वर्षं सांगत फिरलो. ते आता पुरे.

आबांनी आयुष्यभर सुरतच्या उधन्यात यंत्रमाग चालवला आणि कान तिथेच ठेवून आले. त्यामुळे लिंबायतच्या आमच्या घरात कोणी बोलत नाही, ओरडतं. आमच्या भाजीत मीठ जास्त झालेलं शेजाऱ्यांना आमच्याबरोबरच कळतं. मी मागावर उभा राहू नये म्हणून आबांनी मला संगणकाच्या क्लासला घातलं आणि तिथून मी कतारगामला एका दागिन्यांच्या कारखान्यात लागलो. काम असं, की पडद्यावर पेनने मोर, कमळ, देव घडवायचे. यंत्र त्यांची मेणाची प्रत काढतं आणि तिच्यावरून सोन्यात ओततात. बोली तीन महिन्यांच्या चाचणीची होती. तिसऱ्या महिन्यात शेठने लग्नातल्या पेंडंटचा मोर माझ्यापुढे टाकला. "ये बैठ गया तो तू पक्का. नहीं तो भाई, लूम तो है ही."

पडद्यावरचा मोर म्हणजे चौकोनांची जाळी असते. सगळ्यात खालच्या पातळीवर मोजके मोठे चौकोन असतात. एक पातळी चढलं की प्रत्येकाचे चार होतात, आणि सहाव्या पातळीवर पिसाचा केससुद्धा कोरता येतो. जाळीचे गट पाडून त्यांना वेगवेगळे रंग देतात: गळा गुलाबी, पंख हिरवा. रंग फक्त ओळखीचे. एक गट लपवून दुसऱ्यावर काम करता यावं म्हणून. पण आमच्याकडे दोन गटांच्या सीमेवरच मीनाकामाची खाच पडायची. ती सीमा वाकडी, तर दागिनाच वाकडा.

मी काय केलं? सहाव्या पातळीवर चढलो आणि गळ्याची अशी नाजूक कमान रंगवली की स्वतःच खुर्ची मागे सरकवून बघत बसलो. मग शेठ म्हणाले, गळा जरा जाड कर. जाडी खाली, मोठ्या चौकोनांत वाढवायची असते. तिथे एक चौकोन अर्धा गुलाबी, अर्धा हिरवा राहू शकत नाही. ज्याचा भाग जास्त, त्याचा तो होतो. वर येऊन बघतो तर माझ्या कमानीच्या जागी जिना! मोराच्या गळ्यावरून सरळ गच्चीत जाता आलं असतं.

मी गुपचूप सहाव्या पातळीवरच एकेक पायरी हाताने पुसून काढली. दोन दिवस गेले. शेठ म्हणाले, गळा थोडा बारीक कर. पुन्हा जिना, पुन्हा पुसापुशी. कोणाला विचारावं, तर येत नाही हे कळेल. म्हणून कोणी मागून गेलं की मी पडद्यावरची मोराची खिडकी लहान करायचो. "मोर छे के काचबो?" मोर आहे की कासव, असं शेठ जाता जाता म्हणायचे. मग मेणाची प्रत काढायच्या आदल्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा गळा बदलायचा निरोप आला.

नेमका त्याच दिवशी मी डबा घरी विसरलो. आबा तो घेऊन आले आणि माझ्या खांद्यामागे उभे राहिले. पडद्यावर तेव्हा पहिली पातळी होती, म्हणजे मोजक्या चौकोनांचा नुसता गोळा.

"हाऊ बटाटा कसाले करा रे?" हा बटाटा कशाला केलास, असं आबांनी सगळ्या कारखान्याला विचारलं.

"बटाटा नही आबा, मोर शे!" मी हळूच म्हणालो.

"काय?"

"मोर शे, मोर!" आता टेबलांवरची डोकी वर झाली.

घरी आम्ही अहिराणी बोलतो; पुढचं बोलणं साध्या मराठीत लिहितो. आबांनी विचारलं, मग तोंड असं का केलंस? मी घरच्या सवयीने गरजलो, "काठ मोडतो, आबा! खाली गेलो की मोडतो! दोन वेळा हाताने लपवला!" शेठला अहिराणी कळत नसेल हा माझा भ्रम होता. उधन्यात त्यांचेही माग होते, आणि त्यांवर कामाला आमचेच लोक. ते केबिनच्या दारात येऊन उभे होते.

आबांना त्याचं काही नव्हतं. "साडीचा काठ कधी ठरतो? विणून झाल्यावर?"

"विणायच्या आधी, बीमवर उभे धागे लावतानाच."

"हे चौकोन कोणी आखले?"

"मीच."

"मग काठ जिथे हवा तिथूनच का नाही आखले?" आणि डब्यातल्या ठेच्याचं तेल लागलेलं बोट त्यांनी माझ्या पडद्यावर, मोराच्या गळ्याभोवती, सावकाश फिरवलं.

शेठ पुढे आले, ती तेलकट रेघ बघितली आणि आबांच्या कानाशी ओरडले, "काका, तमे रोज आवो!" मग मला म्हणाले, "पहले बोलना था ना? परसों शाम तक दे."

मी जाळी नव्याने आखली. चौकोनांच्या कडा गळ्याच्या रेषेवरूनच नेल्या, खालच्याच पातळीवर रंग दिले, आणि जुन्या मोरावरचं बारीक काम नव्यावर उतरवून घेतलं. गळा जाड केला, बारीक केला, सात वेळा वर-खाली केलं. सीमा हलली नाही. मोर सोन्यात गेला आणि मी पक्का झालो.

ती बातमी घेऊन घरी गेलो. मोबाइलवर मोराचे दोन्ही फोटो दाखवले, वरच्या पातळीचा आणि खालचा. आबांनी वरच्या मोराकडे नीट पाहिलंही नाही. खालचा फोटो डोळ्यांजवळ नेला, गळ्याभोवतीची सलग रेघ बघितली आणि आईला ओरडून सांगितलं,

"बटाटाले बी काठ शे आते!"

शेजारच्या मावशी दुसऱ्या दिवशी पेढे मागायला आल्या. त्यांना काहीच सांगावं लागलं नाही.