पिठाच्या पेटीतला बल्ब

आमच्या घरात सध्या कुणी एका जागी बसत नाही. म्हणजे हे बसत नाहीत, आणि त्यांच्यापायी बाकीचे. यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मागच्या आठवड्यात एकदा खोकला, जळका वास सोडला आणि गप्प झाला. तेव्हापासून हे बाल्कनीत जातात, परत येतात, फ्रिज उघडतात, काय हवं होतं ते विसरून बंद करतात.

यांचे कान बरेच गेलेत. कानातल्या यंत्रातून गाणं ऐकणं म्हणजे पत्र्यावर वाटाणे ओतणं, असं म्हणतात. पण सकाळी आंघोळ झाली की स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवून बसायचे. तेवढंच गाणं त्यांच्यापर्यंत पोचायचं, हातातून. आणि तेवढा वेळ मलाही चहा गरम प्यायला मिळायचा.

मुलाने जाहीर केलं, "अप्पांना नवीन घेऊ. हा शनिवारी ई-कचऱ्याच्या गाडीत." नवीन म्हणजे मुठीएवढा डबा. त्यावर हात ठेवला तर डबाच दिसेनासा होईल.

"गाडी संध्याकाळी येते ना?" मी म्हटलं. "मग दिवस माझा."

काय गेलंय ते मी मीटर लावून आधीच शोधलं होतं. वीजपुरवठ्याच्या भागातला ट्रान्झिस्टर. धातूची शंकरपाळी आणि तिच्यावर गोल टोपी, असं त्याचं रूप. इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एस. पी. रोडवर गेले. दुकानदाराने दिलेला हातात घेतला तर भलताच हलका. "अण्णा, डुप्लिकेट बेडा," नकली नको, मी म्हटलं. त्याने चष्म्यावरून पाहिलं, आत जाऊन जड काढून आणला. "यारिगे, अज्जी?" कुणासाठी, म्हणून विचारत होता. "ननगे," मी म्हटलं. माझ्यासाठीच.

आता सांगायला हवं की लग्नाआधी मी रेडिओच्या कारखान्यात डाग द्यायला होते. सोल्डरिंगला आम्ही डाग देणं म्हणायचो. दोन वेण्या, निळा कोट, आणि जगातली सगळी यंत्रं आपल्या बोटांवर चालतात अशी पक्की समजूत. हे पाहायला आले तेव्हा मी पोह्यांची बशी पुढे करत असताना यांच्या काकांनी विचारलं, "मुलीला गाणं येतं का?" यांच्या आईने पुस्ती जोडली, "आमच्याकडे मोठा अ‍ॅम्प्लिफायर आहे." तर ही दोन वेण्यांची शहाणी नजर खाली ठेवून म्हणते कशी, "हम येतो का त्याला?" काका म्हणाले, कोण येतो? मग हिने बशी हातात धरूनच हम म्हणजे काय ते समजावलं. स्पीकरमधून येणारी गुणगुण, वीज नीट गाळली नाही की येते, वगैरे. पोहे गार झाले. माझी आई पडद्याआडून चिमटा काढायला हात लांब करत होती. आज त्या पोरीला मीच चिमटा काढला असता.

असो. यंत्राची पिन काढली, झाकण उघडलं. आतले मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही पोटात वीज धरून बसतात, सासूबाईंच्या रागासारखी. ती आधी रेझिस्टर लावून उतरवली. मग दोन स्क्रू काढून जुना ट्रान्झिस्टर उचलला, नवा बसवला, डाग दिला. डाग चकचकीत पडला. हे मागे येरझारा घालत होतेच.

अशी दुरुस्ती थेट विजेला लावायची नसते. मध्ये एक जुन्या तारेचा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि यंत्र वाचतं. पण आज तारेचा बल्ब मिळतो कुठे? घरभर एलईडी. एक होता. बेंगळुरूच्या थंडीत दोशाचं पीठ फुगत नाही म्हणून मी लाकडी पेटीत बल्ब लावून त्यात पातेलं ठेवते. पेटी उघडून बल्ब काढला.

सून पुण्याची. जेवणाच्या टेबलावर तिची मीटिंग चालू होती. तिने कानातलं काढलं. "आई! उद्या माझी टीम येतेय दोसे खायला!"

"पीठ थांबेल. गाडी थांबणार नाही."

"आणि तुम्हाला शॉक बसला तर? मी ह्यांना काय सांगू?"

"सांग, आई चार्ज झाली."

बल्ब जोडला, बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला आणि पेटलेलाच राहिला. शॉर्ट. बटण बंद केलं. गाडी यायला फार वेळ नव्हता, आणि मी वायरी हुंगत बसले. डाग ठीक. स्क्रू ठीक. मग?

मग ती दोन वेण्यांची बया आठवली. कारखान्यात नवीन असताना ट्रान्झिस्टरखाली बसवायचे अभ्रकाचे पातळ तुकडे तिला वेष्टण वाटले होते. ती ते जपून बाजूला काढायची आणि घरी नेऊन चुरून रांगोळीवर टाकायची. दिवाळीत गल्लीत हिचीच रांगोळी चमकली, आणि हिच्याच टेबलावरचे सेट परत आले. "एनम्मा, इदु पॅकिंग अल्ला!" अगं बाई, हे पॅकिंग नव्हे, म्हणून सुपरवायझर ओरडला होता. ट्रान्झिस्टरच्या धातूच्या अंगातच वीज असते. ती यंत्राच्या पत्र्याला लागू नये म्हणून मध्ये अभ्रक. एवढं आयुष्य गेलं, आणि बयेने पुन्हा तेच केलं! अभ्रक जुन्याला चिकटून निघून आलं होतं.

आणि जुना कुठे होता? टेबलावर नाही. कचऱ्यात नाही. खाली गाडीचा भोंगा वाजला.

"अहो, इथला जुना ट्रान्झिस्टर पाहिलात का?" मी यांच्या कानाशी ओरडले.

हे थांबले. मूठ उघडली. इतका वेळ येरझारा घालताना तो मुठीत धरून अंगठ्याने चोळत होते. पाठीवर अभ्रक, उष्णता पसरवणाऱ्या सुकलेल्या पांढऱ्या लेपासकट अख्खं.

पुसलं, नवा लेप लावला, मध्ये सरकवलं. पुन्हा बटण. बल्ब एकदा उजळला आणि विझत विझत नुसता लाल धागा उरला. सून मीटिंग सोडून बघत होती. खालून रखवालदाराचा फोन आला. तिनेच घेतला. "नाही हो, आमचं काही नाही टाकायचं."

बल्ब काढून यंत्र सरळ विजेला लावलं, गाणं लावलं. यांनी खोक्यावर हात ठेवला. जरा वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हम येतो."

"कान गेलेत ना तुमचे?"

"हाताला येतो."

खरंच येत होता, बारीक. कपॅसिटरही थकलेत. हे तर डोळे मिटून बसले, बसलेच. पीठ फुगलं नाही. सुनेच्या टीमला उपमा मिळाला. आणि आता येरझारा मी घालते आहे. सोमवारी दुकान उघडेपर्यंत ती गुणगुण ऐकत बसायचं कसं?