कुठं चाललीस?

शिवणाच्या डब्यात घासलेला चिंचोका सापडला आणि पालघरचं एसटी स्टँड आठवलं. कॉलेज सुटल्यावर दातिवऱ्याची गाडी येईपर्यंत मी आणि माझी मैत्रीण तिथं बाकावर जादूच्या प्रवासाचा खेळ रचत बसायचो, फासे चिंचोक्यांचे. माझी जादूगारीण काहीही करू शकायची, त्यामुळे मजाच येईना. मैत्रीण म्हणाली, "निघताना कोनी 'कुठं चाललीस?' इचारलं, की जादू गेली. आमच्यात होडीवर निघालेल्याला असं कोनी इचारत नाय." मग राक्षसांपेक्षा आम्हाला खेळातल्या चौकस बायकांचीच धास्ती वाटू लागली. पुढच्या उन्हाळ्यात ती ट्रंक घेऊन भलत्याच गाडीत चढताना दिसली. प्रश्न ओठांवर आला, पण नियम तिचाच होता. मी नुसता हात हलवला. ती कुठं गेली, मला अजून ठाऊक नाही.