पुलाखालचा रांजण

जैबूनचाचीनं हाताशी धरलं नसतं, तर बेंगळुरूच्या या मेसमध्ये मी आज चुलीपुढं उभी नसते. नववीत शाळा सुटली, वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा कराड-इस्लामपूरच्या मधे आमच्या फाट्यावर चाचीचं हॉटेल होतं. स्वयंपाक मी तिथं शिकले.

सकाळी फळी उघडली की चहाच्या आधी ती दारातला रांजण भरायची, त्याला ओलं फडकं गुंडाळायची. "तान लागल्यालं माणूस थांबतंय, थांबलं की खातंय," म्हणायची आणि स्वतःच हसायची. "न्हाई खाल्लं तर न्हाई. पाणी तरी पिऊन जाऊ दे."

मग फाट्यावर उड्डाणपूल झाला. लांबच्या गाड्या वरून जाऊ लागल्या आणि खालची दुकानं एकेक करून मिटली. चाचीचा रांजण मात्र रोज भरलेला.

"आवं चाची, पाण्यासाठी पुलावरनं उड्या मारत्यात व्हय माणसं?" शेजारचे पानपट्टीवाले अण्णा चिडवायचे.

"तुमी येताय न्हवं, फुकटच्या चहाला?"

पुढं काही वर्षांनी, पुलामुळं गावाचा फायदा झाला की तोटा, हे विचारायला सरकारी पाहणीची माणसं आली. तोवर मी बेंगळुरूच्या मेसमध्ये लागले होते, तेव्हा सुट्टीला आले होते. अण्णांनी चाचीला पढवून ठेवलं होतं, "रडून सांगा. नुकसान दिसलं तर गाड्यास्नी खाली थांबा मिळंल." थांबा नसला तर हॉटेल मोडणार, आणि मग हिचं कसं व्हायचं, हाच माझा घोर.

चाचीनं आधी सगळ्यांना पाणी दिलं. "माझं हाटेल बसलं सायेब, न्हाई कसं म्हणू? खरं ही पोरगी बघा. रातच्याला गाडीत बसती, ह्या पुलामुळंच सकाळी बेंगळुरात कामावर. हिच्या बापाचं औषध त्यातनंच येतंय. फायदा झाला, लिवा."

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. माणसं गेल्यावर मी ओरडले, "तुला काय मिळालं गं ह्यातनं?"

"तू हायस की. जा, भांडी घास."

थांबा काही झाला नाही.

यंदा एका संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "चाची गेली. सकाळी नेणार हायेत. ये." मी मिळेल त्या गाडीत चढले. रस्ता सुसाट, इतक्या लवकर मी कधीच पोचले नव्हते. पुलावर आलो आणि खाली हॉटेलचा पत्रा दिसला, समोर पांढऱ्या टोप्यांची गर्दी.

"थांबवा की वो!" मी ड्रायव्हरला म्हणाले.

"ताई, पुलावर न्हाई थांबवता येत."

पुढच्या नाक्यावर उतरून रिक्षानं मागं येईतो जनाजा निघून गेला होता. चाचीचं तोंड शेवटचं बघायचं राहूनच गेलं. दारात रांजण कोरडा पडला होता. मी तो भरला, फडकं भिजवून गुंडाळलं. अण्णांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि प्यायलं.

चाची, वडिलांना जरा बरं वाटू दे, मी परत येईन. तुझं हॉटेल तिथंच, पुलाखाली उघडीन. गिऱ्हाईक येईल का, याची आत्तापासूनच धास्ती वाटते. पण रोज चहाच्या आधी रांजण भरीन, हा शब्द तुला देते.