होमोसिस्टीन नावाची टेस्ट

खामगावच्या एका लॅबमध्ये मी रोज रक्त काढते. सॅम्पल दोन दिवसांत फेकता येतं. किस्से कुठे फेकणार? साठतच जातात! त्यात होमोसिस्टीनचे सगळ्यात जास्त.

परवा एक आजोबा आले. "पोरी, मले ते ओमशांती टेस्ट करायची हाय."

मी दचकलेच. चिठ्ठी पाहिली. "आजोबा, होमोसिस्टीन!"

"तेच ते. डॉक्टर म्हने, लवकर करा."

*

या टेस्टला उपाशीपोटी यावं लागतं. वरवट बकालच्या एका काकांना फोनवर तीनदा बजावलं होतं. आल्यावर विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छ्या! एकादशी हाय मॅडम. फक्त दोन प्लेट साबुदाना!"

*

रिटायर्ड शिक्षक गवई सरांचा आकडा भलताच वाढून आला. मोबाइलवर 'हार्ट अटॅक' एवढंच वाचून सर आठ दिवस घाबरून घरात बसले. मग डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, "होमोसिस्टीन शरीरात बनतंच. बी-ट्वेल्व्ह, फॉलिक ॲसिड कमी पडलं की साचतं. फार साचलं तर हृदयाचा, लकव्याचा धोका वाढलेला दिसतो. पण तुमचं बी-ट्वेल्व्ह तर छान आहे!" आणि मला फोन: "सॅम्पल बर्फात ठेवलं होतं?"

त्या दिवशी लाईट गेली होती, बर्फ वितळला होता, रक्ताची नळी टेबलावरच राहिली. तशी राहिली की पेशींतून होमोसिस्टीन झिरपतं आणि आकडा फुगतो. चूक माझीच!

सरांचं रक्त पुन्हा काढलं, नळी बर्फात ठेवून टेस्ट केली. नॉर्मल! मी हात जोडले.

सरांनी सुस्कारा सोडला. "म्हंजे आठ दिवस मी बायकोसंग उगाच गोड बोललो?"

मागून काकू म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या टायमाले बर्फ लावूच नका!"

*

पिंपळगाव राजाच्या कमलाबाई भाजीच्या मळ्यात राबणाऱ्या. पाय इतके बधिर, की लेकीचा हात धरून आल्या. "हे पाय माहेच हायेत का, तेच समजून नाही राह्यलं." होमोसिस्टीन खूप वाढलेलं, बी-ट्वेल्व्ह तळाला. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली.

तीन महिन्यांनी एकट्याच आल्या. रिपोर्ट पाहून मी ओरडलेच, "मावशी, आकडा उतरला!"

त्यांचं लक्षच नव्हतं. खुर्चीत बसून चप्पल झटकत होत्या. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"आकडा राहू दे वं बाई. येताना खडा गेला चपलेत. टोचला! मले टोचला!"