तक्रारीचा रकाना

मी आयुष्यभर सांगलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. त्यातही 'स्मृती' हा विषय माझ्याकडे. माणसाला जे आठवतं, त्यातलं बरंचसं त्याने नंतर सोयीने जुळवलेलं असतं, हे मी फळ्यावर आकृत्या काढून सांगत आलो. त्यामुळे स्वतःचं काही सांगायला बसलो की पहिला अविश्वास माझ्यावरच. हे वाक्य सुभेदारांचं की माझं? तेव्हा पावसाळा होता की द्राक्षाचा हंगाम? बायको म्हणते, "तुम्ही किस्सा सांगायला लागलात की निम्मा वेळ माफी मागण्यातच जातो."

पण किस्से साठतात, त्याला काय करणार? निवृत्तीनंतर काही वर्षं मी दर गुरुवारी तासगावला जायचो. तिथे माजी सैनिकांची एक खोली होती. टेबल, चार खुर्च्या, बाहेर व्हरांड्यात एक बाकडं. चालवायचे सुभेदार माने. फौजेतून घरी आलेली, पण झोप, दचकणं आणि संताप यांनी आतून पोखरलेली माणसं तिथे यायची. त्यांना उपचार मिळावेत म्हणून आम्ही अर्ज करायचो, हेलपाटे घालायचो. सांगण्यासारखं यश एकही नाही. किस्से मात्र भरपूर!

*

पहिला किस्सा रजिस्टरचा. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी गार्डरूममध्ये असतं तसं रजिस्टर आखलं. नाव, रँक, येण्याची वेळ, तक्रार, जाण्याची वेळ. येणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने भरायचं. संध्याकाळी पानाखाली 'तपासले' असं लिहून सही करायची. ती माझ्याकडे आली.

"सर, तुमी डॉक्टर मानूस. सही तुमची."

"अहो, मी पीएच.डी.चा डॉक्टर!"

"असू द्या की. हितं खरा डॉक्टर कोन येतोय?"

महिन्याभराने पाहिलं तर तक्रारीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उत्तर, 'काही नाही'. ज्यांना महिनोन्‌महिने झोप नाही, त्यांचंही 'काही नाही'! एका हवालदाराला विचारलं, तर तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "आवं सर, फौजंत तक्रारीच्या रकान्यात कोन लिवतं व्हय? लिवलं की दुसऱ्या दिवशी साहेबापुढं त्याचीच पेशी लागती!"

पुढे मी तो रकाना वाचणं सोडून दिलं.

*

कुंडलच्या समाजमंदिरात मी एकदा भाषण दिलं. विषय, 'युद्धोत्तर मानसिक आघात'. पडद्यावर मेंदूची चित्रं, बाण, लाल-निळे भाग. समोर चाळीसेक माजी सैनिक पाठ ताठ करून बसलेले. कुणी जांभई देईना की कुणी हलेना. वाटलं, यांना यातलं ओ की ठो कळत नाहीये.

शेवटी विचारलं, "काही शंका?"

मागून एक पांढऱ्या मिशांचे आजोबा उभे राहिले. "शंका न्हाई सर. ह्ये समदं आमाला हाय. पर आमाला वाटलं, भरती झाल्यावर सगळ्यास्नीच हुतं. ह्याला नाव हाय व्हय?"

*

त्याच भाषणाला नायक वसंत आला होता. मूळचा सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडचा, लग्नानंतर कुंडलला बायकोच्या माहेरी राहिलेला. अठरा वर्षं नोकरी, त्यातली बरीच बर्फात आणि गोळीबारात. एका रात्री शेजारच्या बंकरमधले तिघे गेले, एवढंच तो सांगायचा. गावात त्याला 'येडा जावई' म्हणत.

त्याला हवी होती कागदावर एक ओळ, 'आजार सैनिकी सेवेमुळे'. ती ओळ आली असती तर त्याला लष्करी दवाखान्यात कायमचे उपचार मिळाले असते. पण त्याचं कारण वेगळंच होतं. "सर, शिक्क्यानिशी लिवून आलं, की मंगलच्या भावकीत मला येडं म्हननार न्हाईत. आजारी म्हनतील."

मंगल म्हणजे त्याची बायको. त्याच्या घरी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन येताना उलथन्याने तांब्या वाजवत आली. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, अचानक कुणी मागून आलं की वसंत दचकून अंगावर धावतो. म्हणून त्या घरात सगळेच वाजत-गाजत फिरायचे. म्हातारी सासू खोकत, मेव्हणा शीळ घालत!

"आवं सर," मंगल म्हणाली, "आमच्या घरात आवाज न करता येईल तो फकस्त चोर. आनि मला त्या चोराचीच लय काळजी वाटती!"

वसंतही हसला. त्याला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. दोनदा असेल. नक्की सांगता येत नाही.

*

द्राक्षं पिकली की कुंडलच्या बागांतून पाखरं हाकलायला कार्बाइडच्या पाइपाचे बार काढतात. वसंताच्या शेजारची बाग आण्णांची. आण्णा म्हणजे अत्यंत सज्जन जैन शेतकरी. दर बाराला वसंत सरीत पालथा पडायचा आणि मान झाकून घ्यायचा. बांधावरचे लोक हसायचे.

आम्ही आण्णांकडे गेलो. ते बिचारे ओशाळले. "सर, मी आजच बंद करतो. पन पाखरं माझं ऐकतील का?"

मग माझ्या सुशिक्षित डोक्यातून उपाय निघाला. अचानक आवाज हेच मूळ, तर तो अचानक राहू द्यायचा नाही. आण्णांनी बार काढायच्या आधी वसंताला फोन करायचा! आण्णांनी इमानाने केलं. दर अर्ध्या तासाला फोन. "वसंता, उडवू का रं?" "उडवा आण्णा."

तिसऱ्या दिवशी वसंत हात जोडून त्यांच्या दारात उभा. "आण्णा, बार खुशाल काढा. पर फोन करू नगा. आता फोन वाजला तरी जीव जातोय!"

*

अर्जाचं तर विचारू नका. भरती साताऱ्यातून, म्हणून सांगलीची सैनिक कल्याण कचेरी म्हणे साताऱ्याला जा. राहायला कुंडलला, म्हणून सातारा म्हणे सांगलीला जा. सुभेदार म्हणाले, "दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दीवर एक खुर्ची टाकून बसतो. जो उठवंल त्याच्या हातात अर्ज देतो."

एकदाचा अर्ज घेतला गेला. त्यात एक अट होती. जखमेचा फोटो जोडावा. आम्ही दोघंही गोंधळलो. मनाच्या जखमेचा फोटो काढायचा कसा? सुभेदारांनी खूप विचार करून वसंताचा पासपोर्ट साइज फोटो चिकटवला.

पंधरा दिवसांनी अर्ज परत. शेरा, 'फोटोत जखम दिसत नाही.'

मी तो फोटो अजून ठेवलाय. मला दिसते.

*

शेवटी लष्कराच्या मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. मी सहा गुरुवार वसंताची तयारी करून घेतली. मी साहेब व्हायचो, टेबलामागे बसायचो. तो सांगायचा, झोप लागत नाही, आवाज आला की हात थरथरतात, कधी कधी घरातली माणसं ओळखू येत नाहीत. सहाव्या गुरुवारी त्याने न अडखळता सगळं सांगितलं. सुभेदारांनी पेढे आणले!

बोर्डाच्या दिवशी मी आणि सुभेदार दाराबाहेर. दार अर्धवट उघडं. आत गणवेशातले साहेब. त्यांनी मान वर करून आपुलकीने विचारलं, "कैसे हो, जवान?"

वसंताच्या टाचा खाडकन जुळल्या. "फर्स्ट क्लास, साब!"

"नींद आती है?"

"बढ़िया, साब!"

"कोई तकलीफ?"

"कोई तकलीफ नहीं, साब!"

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. वसंत बाहेर आला तो खुशीत. "साहेब लय चांगला मानूस. किती आपुलकीनं इचारलं!"

परतीच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला. खंबाटकीचा घाट गेला, सातारा गेला. कऱ्हाडच्या पुढे त्याने हळूच विचारलं, "सर, मी काय बोललो वो?"

मी तोंड फिरवलं. सुभेदार म्हणाले, "सर, त्याच्यावर रागावू नगा. मी असतो तरी त्येच बोललो असतो. तुमी सहा आठवडे शिकवलं. फौजंनं अठरा वर्सं शिकवलंय."

*

कागद आला. 'आजार सेवेशी संबंधित नाही.' अपील करता येत होतं, पण त्यासाठी वसंताने स्वतः जबाब द्यायला हवा होता. तो येऊन नुसता बसायचा. विचारलं की म्हणायचा, "ठीक हाय सर." रजिस्टरातही तेच, 'काही नाही'.

एका गुरुवारी माझा तोल गेला. थकलो होतो, भ्यालोही होतो. आपल्याला यातलं काही येत नाही असं तेव्हा रोजच वाटायचं. मी म्हणालो, "वसंत, तुम्ही स्वतःच्या तोंडाने तक्रार आहे असं म्हणत नाही, तोवर मी काहीही करू शकत नाही. तसं असेल तेव्हाच या."

तो उठला, सॅल्यूट केला आणि गेला.

पुढचे तीन गुरुवार तो आला नाही. तिसरा मला पक्का आठवतो. नोव्हेंबर होता, हयातीचे दाखले भरायला सगळा तालुका लोटलेला. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. मी दिवसभर मान खाली घालून फॉर्म भरत होतो. 'सदर इसम आज रोजी हयात आहे', असं किती वेळा लिहिलं असेल!

दुसऱ्या दिवशी पहाटे वसंत घोंगडी आणि फौजेचं डिस्चार्ज बुक घेऊन घरातून निघून गेला. सुभेदारांनी रेल्वे स्टेशनं पालथी घातली, त्याच्या पलटणीला पत्रं लिहिली. तो आजतागायत सापडलेला नाही.

मंगल आठवड्याने खोलीवर आली. येताना दारावरची कडी वाजवत आली. सवयच तशी. म्हणाली, "त्या गुरुवारी घरातनं तर तासगावलाच जातो म्हनले हुते. हितं आले हुते का वो?"

मी म्हणालो, "नाही. आला असता तर मी बोललो नसतो का?"

हेच मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. सुभेदारांना, बायकोला, स्वतःला.

सुभेदार वारल्यावर, बऱ्याच वर्षांनी, ती खोली रिकामी करायची होती. कपाटात रजिस्टरं निघाली. मी ते पान शोधलं. नोव्हेंबरचा तो गुरुवार, नावांनी गच्च भरलेला. अठरावी ओळ. नाव, वसंत. रँक, नायक. येण्याची वेळ, अकरा दहा. तक्रार, 'आहे'. जाण्याची वेळ कोरी.

पानाखाली 'तपासले', आणि माझी सही.