इंग्रजीच्या तासापुरतं बोलणं

ओल्या फळ्यावर खडू नीट उमटत नाही. अक्षरं आधी करडी दिसतात आणि फळा वाळू लागला की हळूहळू पांढरी होतात. श्रावणातल्या एका सकाळी इंग्रजीच्या बाईंनी लिहिलेलं ‘स्टँड अप टू’ असंच आमच्या डोळ्यांदेखत पांढरं होत गेलं... कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्र्यांखाली पाण्याची थारोळी, भिंतींना ओलीचा कुबट वास, खिडकीबाहेर हिरवंगार भात. “आपल्यापेक्षा जो बलाढ्य आहे त्याच्यापुढे न वाकणं, त्याला विरोध करणं, असा याचा अर्थ,” बाई म्हणाल्या. आता प्रत्येकीनं आपल्या मनानं एक वाक्य करून सांगायचं आणि बाकावरच्या शेजारणीनं त्यावर इंग्रजीतच एक प्रश्न विचारायचा. बाई खोपोलीहून येत. आमच्या घराला गावानं वाळीत टाकलंय, हे त्यांच्या कानावर कुणी घातलेलं नव्हतं.

आमचं गाव कडावच्या पुढे, भातखाचरांच्या मधोमध. गावात गावकीचा शब्द शेवटचा – गावकी म्हणजे देवळात बसणारी वडीलधाऱ्या पुरुषांची बैठक. आमच्या आळीतल्या दत्तूनं जातीबाहेरच्या जयूशी लग्न केलं म्हणून गावकीनं त्यांच्याशी व्यवहार बंद केला होता. बोलायचं नाही, द्यायचं नाही, घ्यायचं नाही. त्यांचं बाळ तान्हं होतं आणि जयूला दूध येत नव्हतं. माझ्या बाबांच्या गोठ्यात दोन म्हशी. ते रोज सकाळी धार काढून झाली की दत्तूच्या ओट्यावर दुधाचा तांब्या ठेवून येत. बैठकीत जाब विचारला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “दूध पोराला जातंय. पोरानं काय केलंय तुमचं?” त्या दिवसापासून दत्तूच्या घराबरोबर आमचंही घर वाळीत पडलं.

वाळीत पडणं म्हणजे काय ते मला लावणीला कळलं. एरवी आम्ही दुसऱ्यांच्या खाचरात जायचो, ते आमच्यात यायचे, चिखलात उभं राहून बायका एकमेकींची टिंगल करायच्या... त्या वर्षी आमच्या शेतात आई, बाबा आणि मी, तिघंच. आईची बोटं चिखलानं कुजली, तरी निम्मी रोपं पिवळी पडेस्तोवर तशीच राहिली. नागपंचमीला शेजारून हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांचा वास आला आणि वाटी काही आली नाही. मला राग आला तो आधी बाबांचा. गावाचा राग यायला पुढे पुष्कळ वर्षं जावी लागली.

सुरेखा माझ्याच गावची, पहिलीपासूनची बाकावरची सोबतीण. तिलाही घरून तंबी होती. पण पोरगी डोकेबाज. पहिल्याच आठवड्यात तिनं समोरच्या फळ्याकडे बघत, जणू भिंतीला सांगावं तसं सांगून टाकलं, “विंग्रजीत बोललं तर ते बोलणं नाय, ते शिकणं हाय.” झालं! त्या तासापुरत्या आम्ही बोलायला लागलो. तिच्या वाक्यांतली शेळी व्यायची, तिच्या वाक्यांतली आजी आजारी पडायची, आणि मला कळायचं की हे सगळं तिच्याच घरात घडतंय. आमचं इंग्रजी अगदीच लंगडं, तरी दिवसभर मी त्या एका तासाची वाट पाहायची. शाळा सुटली की ती पुढे आणि मी मागे, एकाच रस्त्यानं, मुक्यानं घरी.

‘स्टँड अप टू’च्या दिवशी माझी पाळी आली. पुस्तकातलं राजाचं नाहीतर सिंहाचं वाक्य सांगून सुटले असते, पण तोंडातून निघालं ते भलतंच – माय फादर स्टुड अप टू द व्हिलेज. गावातल्या पोरींच्या माना वळल्या. “गुड,” बाई म्हणाल्या, “आता प्रश्न.” सुरेखा उभी राहिली. बराच वेळ तिला शब्द जुळवता येईनात. मग तिनं विचारलं, “डझ ही क्राय?”

रडायचे की. गोठ्यात, म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून. “नो,” मी म्हणाले आणि खाली बसले.

संध्याकाळच्या आत ती गोष्ट देवळापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सुरेखा पलीकडच्या रांगेत बसली होती, आणि मग इंग्रजीतलंही बोलणं संपलं. त्यानंतर मीच बोलेनाशी झाले. ठरवून नाही, सकाळी उठायची, हाका ऐकू यायच्या, ओ द्यावीशी वाटायची नाही. आईनं अंगारा लावून पाहिला, कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घसा तपासला, घशात काहीच नव्हतं.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आल्या, तेव्हा बाबा नारळ घेऊन देवळात गेले. चूक झाली म्हणाले, सगळ्यांच्या पायांना हात लावला. दुसऱ्या दिवसापासून दुधाचा तांब्या बंद झाला. दत्तू आणि जयू बाळाला घेऊन खालापूरच्या बाजूला कुठेतरी निघून गेले, ते टेंपोत भांडी चढवताना बाबा गोठ्यातून बाहेर आले नाहीत. माझी सुरेखा मला परत मिळाली. आम्ही पुन्हा मराठीत भांडलो, हसलो, चिंचा खाल्ल्या... मी सुखात होते, हे खोटं कशाला सांगू?

आता असं वाळीत टाकणं गुन्हा आहे. त्या वेळच्या बैठकीतले उरलेसुरले म्हातारे लग्नकार्यात बाबांशेजारी बसून पान खातात. बाबा आता माझ्याकडे भिसेगावात असतात. परवा त्यांना चहा देता देता मी विचारलं, “बाबा, एवढं सगळं सोसलं होतंत, मग शेवटी वाकलात कशाला?”

ते बशीतला चहा फुंकत राहिले. “तू बोलंनाशी झालीस गं,” म्हणाले. “दोन पोरं व्हती. येक माझी व्हती.”

मग त्यांनी चहा न पिताच बशी खाली ठेवली आणि, मी काहीच विचारलेलं नसताना, म्हणाले, “त्ये पोर जगलं का, त्ये काय आपल्याला कळलं नाय.”