तोंड उघडायचा हुकूम

आमच्या समोरच्या अप्पांइतका गुपित पोटात ठेवणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. धारूरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानात जायचा रस्ता एक, यायचा दुसरा. कुठं निघालात विचारलं, तर "जरा असंच." एसटीचं तिकीट कायम पुढच्या गावाचं काढायचे आणि मधेच उतरायचे. गल्लीत केबल आल्यावर ते आमच्याकडे युद्धाचे इंग्रजी सिनेमे बघायला येऊ लागले. शत्रूच्या मुलखात शिरलेले कमांडो बोलू लागले की अप्पा वैतागायचे. "इतकं बोलतेत काहून? धरले जातेल की बे!"

निजामाच्या राज्यात हद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कँपातून काही तरुण गुपचूप आत शिरून सरकारी नाके फोडत, त्यांत अप्पाही होते, अशी कुजबुज होती. कोणता नाका, सोबत कोण, या कुतूहलापायी मी त्यांच्याकडून नको असलेली किती पातेली घेतली असतील! हाती पातेलीच लागली. त्यांच्या बायकोला, अक्कांना मात्र त्यांचं हे गप्प राहणं फार लागायचं. जावा म्हणायच्या, साऱ्या थापा आहेत. नवऱ्याचं नाव एकदा स्वातंत्र्यसैनिक म्हणून कागदावर यावं, एवढंच अक्कांना हवं होतं.

शेवटी मीच अर्ज लिहिला आणि अप्पांना बीडच्या कचेरीत नेलं. साहेब म्हणाले, "साक्षीला सोबतच्या दोघांची नावं सांगा."

अप्पा ताठ उभे राहिले. "आमच्या म्होरक्यानं सांगितलंतं, मी म्हणेपर्यंत तोंड उघडायचं न्हाई."

"मग त्यांना विचारून या."

"ते वारले. हुकूम मागं घ्यायचा राहिला."

अर्ज तिथंच संपला. मी रस्ताभर चिडलो होतो आणि अप्पा मला आग्रहानं चहा पाजत होते. अक्का आठवडाभर अप्पांशी बोलल्या नाहीत, ते अप्पांना सोयीचंच पडलं असावं.

अप्पा गेल्यावर चार दिवसांनी एक अनोळखी म्हातारे काठी टेकत आले. अप्पांच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. रुमाल काढताना त्यांच्या खिशातून एसटीचं तिकीट पडलं. मी उचलून दिलं, तर ते धारूरच्या पुढच्या गावाचं होतं.

अक्कांनी विचारलं, "तुमी ह्यांच्या संगं होतात का?"

म्हातारे खाली बघत म्हणाले, "ते सांगायचा हुकूम न्हाई, वैनी."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. रडता रडता हसल्या आणि मला म्हणाल्या, "म्हंजी खरं होतं." मग त्या चहा टाकायला उठल्या. म्हातारे कुठल्या गावचे, ते मी विचारलं नाही.